परदेशी शिकायला जाताना कागद स्वतः वाचा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी जाण्यापूर्वी लिहून दिला होता. आपण कशावर सही करतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज आपली मुलेही परदेशी जाण्याची स्वप्ने पाहतात. आनंद आहे. पण सही करण्याआधी कागद किती जण वाचतात?

कॅनडाचंच घ्या. तिथे व्हिसा वेगळा आणि स्टडी परमिट वेगळे. व्हिसा त्या देशाच्या दारापर्यंत नेतो. आत राहून शिकण्याची परवानगी म्हणजे स्टडी परमिट. ते तिथल्या विमानतळावर अधिकारी कागद तपासून हातात देतो. त्यासाठी मान्यताप्राप्त कॉलेजचे प्रवेशपत्र लागते. २०२४ पासून बहुतेकांना त्या प्रांताचे पत्रही लागते. शिवाय पैसा. १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नियमाने, क्विबेक प्रांत सोडून इतरत्र, एकट्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च यांखेरीज २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवायचे असतात.

आता मुद्द्याचं बोलतो. २०२३ साली तिथे एक प्रकरण गाजलं. भारतातून, विशेषतः पंजाबातून गेलेल्या कित्येक मुलांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. मुले पोहोचल्यावर एजंट सांगे, "तिथल्या जागा भरल्या, दुसऱ्या कॉलेजात जा." मुले शिकली, नोकरीला लागली. पुढे कायम राहण्यासाठी अर्ज केला, तेव्हा खोटं बाहेर आलं आणि हद्दपारीची वेळ आली. जून २०२३ मध्ये सरकारने एकेक प्रकरण तपासायला घेतले आणि ज्यांची खरोखर फसवणूक झाली, त्यांना दिलासा दिला. डिसेंबर २०२३ पासून तर प्रत्येक प्रवेशपत्राची खात्री कॉलेजकडूनच केली जाते. अर्जात खोटेपणा सापडला, तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद!

बघा, एजंट पसार होतो. अर्जावर सही मात्र आपल्या लेकराची असते. आईने दागिने मोडलेले असतात, वडिलांनी फंड काढलेला असतो. म्हणून सांगतो, प्रवेशपत्र खरे आहे का, ते कॉलेजला स्वतः विचारा. भरलेल्या अर्जाची प्रत घरी ठेवा. "दाखवण्यापुरते पैसे खात्यात टाकतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि कर्ज काढण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच ती आहे.

याच विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते अर्जाच्या कागदालाही लागू आहे. मुलांनो, जरूर जा, खूप शिका, पण खऱ्या कागदावर जा.

जय भीम! नमो बुद्धाय!