कलर कोड जुळला, तरी रंग का जुळत नाही?

आज बोलूया पार्किंगमधल्या ओरखड्यांबद्दल. एवढ्याशासाठी इन्शुरन्स क्लेम करायला जीवावर येतं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो, आणि वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर एका क्लेमने तो जातो. मग आपण स्प्रे कॅनकडे वळतो.

आधी ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर ओरखडा बहुतेक वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे. पॉलिशने भागेल, रंग नको. पत्रा दिसत असेल तर मात्र थांबू नका. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, गंज आतल्या आत पसरतो.

कलर कोड मॉडेलनुसार दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो. पण कोड सांगतो कारखान्यातला रंग. तुमची गाडी उन्हात फिकी झालेली असते. मेटॅलिक रंगात तर ॲल्युमिनियमचे कण असतात. थर ओला बसला की ते वेगळे पडतात, कोरडा बसला की वेगळे. म्हणजे तोच कॅन, हात वेगळा, छटा वेगळी. म्हणून आधी एका कार्डावर रंग आणि क्लिअर दोन्ही मारा, वाळू द्या आणि उन्हात गाडीला लावून बघा.

जुळला? मग गंज असेल तर तो पूर्ण काढा, वॉटर पेपर मारा, पुसून कोरडं करा, मास्किंग करा. उघड्या पत्र्यावर प्रायमर, उघड्या प्लास्टिकच्या बंपरवर प्लास्टिक प्रायमर. साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरून पातळ थर द्या, मध्ये कॅनवर लिहिलंय तेवढं थांबा. एकाच जाड थराचे ओघळ येतात. दमट हवेत क्लिअरवर दुधाळ झाक येऊ शकते, तेव्हा पावसाळी दिवस टाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'टू-के' क्लिअर टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये, जिथे पोरं खेळतात, तिथे तो मारूच नका. साधा 'वन-के' वापरा, तोही मोकळ्या हवेत, आजूबाजूला आग नसताना.

आणि अख्खं बॉनेट किंवा दार असेल, तर सरळ पेंटरकडे द्या. कॅन बंपरच्या कोपऱ्यापुरता ठीक आहे. भेटू पुढच्या भागात!