मुक्या गाडीचा आवाज



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनस, महागाईभत्ता नाही तर कामगार कायदा ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज आम्ही विषय निवडला आहे तो वरवर पाहता निराळा आहे. जुनी लष्करी गाडी पुन्हा उभी करताना तिच्यातल्या बिनतारी यंत्राचे सुटे भाग कोठून आणावेत, हा तो विषय. पैसेवाल्यांच्या ह्या हौसेशी कामगारांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. जिथे यंत्र आले तिथे ते करणारे आणि दुरुस्त करणारे हात आले. आणि जिथे हात आले तिथे आमचा विषय आला.

दुसऱ्या महायुद्धातली जीप आपण सर्वांनी पाहिलेली आहे. प्रत्यक्ष नाही तर चित्रपटात तरी. स्वातंत्र्यानंतर मुंबईतच महिंद्रांनी जीप जुळवायला घेतली, त्यामुळे तिच्या इंजिनाचे भाग आणि ते ओळखणारे मिस्त्री आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा तयार झाले. हौशी माणूस अशी जीप घेतो, पत्रा ठोकून सरळ करतो, हिरवा रंग देतो आणि गाडी मिरवणुकीत आणतो. परंतु युद्धात गाडीचे निम्मे काम तिच्या बोलण्यावर अवलंबून होते. अहमदनगरला, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथे, १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. तिथे जाणारी माणसे तोफ किती लांब, पत्रा किती जाड एवढेच पाहतात. आतली माणसे एकमेकांशी आणि मागच्या ठाण्याशी बोलत कशी होती, हे क्वचितच कोणी विचारतो.

ती बोलत होती ते यंत्र म्हणजे ‘वायरलेस सेट नंबर १९’. इंग्लंडात केंब्रिजच्या पाय कंपनीने ते रणगाड्यांसाठी घडवण्यात पुढाकार घेतला आणि १९४१ च्या सुमारास ते वापरात आले. पुढे ट्रक, जीप अशा गाड्यांतही ते बसले. एकाच पेटीत तीन सोयी होत्या. २ ते ८ मेगाहर्ट्झवर दूरचे बोलणे, २३५ मेगाहर्ट्झच्या आसपास जवळच्या गाड्यांशी बोलणे, आणि गाडीतल्या गाडीत माणसांचे आपसांतले बोलणे. मागणी इतकी होती की, कॅनडा आणि अमेरिका येथील कारखान्यांनाही हे काम द्यावे लागले. कॅनडात तयार झालेल्या पुष्कळ यंत्रांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरे आहेत, कारण ती यंत्रे सोव्हिएत सैन्याला मदत म्हणून जायची होती. बाजारात असे यंत्र दिसले तर ते बनावट समजून कोणी टाकून देऊ नये.

आता पहिली अडचण अशी की, हे यंत्र म्हणजे एक पेटी नव्हे, ते एक कुटुंब आहे. मूळ पेटी, तिला वीज देणारे वेगळे युनिट, आकाशतारेशी मेळ घालणारा व्हेरिओमीटर, माणसांना जोडणारे नियंत्रक डबे, कानाची-तोंडाची साधने, मोर्सची किल्ली, आकाशतारेचा पाया आणि दांड्या. आणि ह्या सर्वांना बांधणाऱ्या सहा टोकांच्या व बारा टोकांच्या केबली. पेटी मिळते. केबल मिळत नाही, कारण तिचे रबर ऐंशी वर्षांत कुजून जाते आणि कुजलेली केबल भंगारवाला तांब्यासाठी जाळून टाकतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा अनुभव इथे प्रत्येकाला येतो. म्हणून पेटी विकत घेण्याआधी केबली, व्हेरिओमीटर आणि कानाची साधने कुठे मिळतात ते पाहावे.

दुसरी अडचण विजेची. युद्धकाळच्या जीपची वीज ६ व्होल्टची, आणि हे यंत्र मागते १२ व्होल्ट. त्यासाठी गाडीत स्वतंत्र बॅटऱ्या ठेवाव्या लागत. शिवाय इंजिनाच्या ठिणगीचा खरखराट कानात येतो. तो दाबण्यासाठी अमेरिकन गाड्यांत फिल्टर बसवीत आणि पत्र्याचे भाग तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडीत. अशा गाडीच्या क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवलेले असे. आज हौशी माणूस अक्षर हौसेने रंगवतो, आणि ज्या जागी पट्टी पत्र्याला उघडी टेकायला हवी त्या जागीही चकचकीत रंग चढवतो. मग खरखर का थांबत नाही म्हणून रेडिओला दोष देतो. पट्टीखालचा रंग खरवडला पाहिजे, हे कुठल्याही साध्या वायरमनने त्याला सांगितले असते. पण त्याला विचारतो कोण?

भाग मिळतात कोठे? मुंबईचा चोरबाजार, लॅमिंग्टन रोडची दुकाने, लष्करी जुन्या मालाच्या लिलावातून फुटलेला माल, आणि सर्वांत भरवशाचे म्हणजे हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात. युद्धानंतर असली यंत्रे स्वस्तात विकली गेली तेव्हा जगभर ह्याच लोकांनी ती जपली. व्हॉल्व्हची धास्ती नवख्याला फार वाटते; वास्तविक बरेचसे व्हॉल्व्ह मिळतात. ६व्ही६ किंवा ६के७ ह्या जातीचे व्हॉल्व्ह घरगुती रेडिओतही असत. रशियानेही त्यांच्या तोडीचे व्हॉल्व्ह काढले आणि ते बाजारात सापडतात. खरा घात करतात ते जुने कागदी कंडेन्सर. बाहेरून ठाकठीक दिसतात आणि आतून गळतात. यंत्र आणल्याबरोबर वीज देऊन पाहण्याचा मोह टाळावा. आधी कंडेन्सर तपासावेत. बिघडलेला असेल तर जुन्या कवचातला माल काढून त्यात नवा, लहान कंडेन्सर बसवावा. रूप जुने राहते आणि काम नवे होते. आणि एक ध्यानात असू द्या: १२ व्होल्टवर चालणारे हे यंत्र आत सुमारे ५०० व्होल्ट तयार करते. अननुभवी माणसाने झाकण उघडून हात घालू नये.

आता आम्ही मुद्द्यावर येतो. सुटे भाग मिळवण्याची एक सोपी रीत आहे, ती म्हणजे दुसरे धड यंत्र विकत घ्यायचे आणि फोडायचे. एक बटण हवे, म्हणून एक अख्खी पेटी गेली. विक्रेत्यालाही ते बरे पडते, कारण सुटे सुटे विकले की अधिक पैसे येतात. आमची ह्याला हरकत आहे. युद्धकाळात ह्या कारखान्यांत हजारो स्त्रिया काम करीत होत्या. एकेका पेटीतल्या शेकडो जोडण्या हातांनी सोल्डर केलेल्या आहेत. त्या हातांची नावे कुठल्या पट्टीवर कोरलेली नाहीत. त्यांचे काम हीच त्यांची नोंद. धड यंत्र फोडणे म्हणजे ती नोंद फाडणे होय. मोडक्याला मोडके जोडून एक चांगले करा, पण चांगल्याचे मोडके करू नका.

आणि खरा दुर्मीळ भाग कोणता, ते सांगतो. ह्या यंत्राच्या वीज-युनिटात फिरते आर्मेचर असते. ते जळले तर माणसे परदेशी पत्रव्यवहार करतात, जहाजभाडे भरतात, जकात भरतात. आपल्याच पेठेत, बोळाच्या तोंडाशी मोटार वाइंडिंगचे दुकान असते. केसासारखी बारीक तार मोजून गुंडाळणारा कारागीर तिथे बसलेला असतो. मोठा कार्बन घासून हव्या त्या मापाचा करून देणे त्याला नवे नाही. त्याच्याशी मात्र आम्ही पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. परदेशच्या बटणाला मागेल ती किंमत, आणि घरच्या हाताला कसर! त्याचा मुलगा ह्या धंद्यात येत नाही तो ह्याच हिशेबामुळे. बटण उद्या साच्यातून काढता येईल. वाइंडिंगवाला साच्यातून निघत नाही.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. त्या काळच्या लष्करी उपकरणांच्या पुष्कळ तबकड्या अंधारात चमकाव्यात म्हणून रेडियमच्या रंगाने रंगवीत. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावी असा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत. विष पोटात गेले, जबड्याची हाडे झिजली, काही मेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी १९२७ साली कंपनीला कोर्टात खेचले आणि १९२८ साली भरपाई मिळवली. आज तबकडीची चमक गेलेली असते, परंतु उजेड गेला म्हणून विष गेले असे नव्हे. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. अशी तबकडी खरवडू नका, तिची काच उघडू नका, आणि भंगारात तर मुळीच टाकू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात लिलावातून आलेल्या यंत्रातले कोबाल्ट-६० फुटले. अनेक जण आजारी पडले आणि एक कामगार मेला. ज्याने यंत्र वापरले त्याला काही झाले नाही. ज्याने ते फोडले तो गेला. हौस एकाची आणि मरण दुसऱ्याचे, असा व्यवहार आपल्या हातून होऊ नये.

यंत्र बोलू लागले तरी परवान्याशिवाय त्यावरून हवेत बोलणे गुन्हा आहे. हॅमची सरकारी परीक्षा द्यावी आणि परवाना घ्यावा. ७ मेगाहर्ट्झचा त्यांचा पट्टा ह्या यंत्राच्या आवाक्यात बसतो.

आमचे मागणे तिघांकडे आहे. हौशी मंडळींनी धड यंत्र फोडू नये, आणि काय बदलले, कोणी बदलले, हे कागदावर लिहून तो कागद पेटीत ठेवावा. त्यात कारागिराचे नाव असावे. संग्रहालयांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा दुरुस्तीच्या कामाला मुले घ्यावीत, आणि वाइंडिंगवाल्याला शिकवायला, मानधन देऊन, बोलवावे. आणि ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत त्यांनी त्या फोडणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नयेत. एवढे झाले तर ती गाडी ज्या दिवशी बोलेल, त्या दिवशी तिच्या आवाजात त्या अनामिक हातांचाही आवाज असेल.