परवान्यावरची नोंद

परदेशी जाणाऱ्या आपल्या नर्सेसना ‘गुड स्टँडिंग सर्टिफिकेट’ चांगलं ठाऊक असतं. परवान्यावर कारवाई झालेली नाही, असं आपली नर्सिंग कौन्सिल लिहून देते. मला आज बोलायचंय ते ज्यांच्यावर कारवाई झाली आहे त्यांच्याविषयी, आणि तेही अमेरिकेतल्या नर्सेसविषयी. कुणाच्या औषधांच्या नोंदीत गफलत झाली, कुणी नूतनीकरण न करताच ड्यूटी केली, कुणी व्यसनात सापडली. राज्याच्या नर्सिंग बोर्डाने ठपका ठेवला किंवा प्रोबेशन दिलं. पुढे तीच सिस्टर नव्या नोकरीचा अर्ज भरायला बसते आणि एका प्रश्नापाशी अडते: तुमच्या परवान्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का?

तिने खरं ते लिहावं, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे लपवायला जागाही फारशी नाही. बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेची ‘नर्सिस’ नावाची यादी आहे. तीत नाव घातलं की परवान्याची स्थिती आणि झालेली कारवाई कुणालाही फुकट पाहता येते. ‘नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक’ ही सरकारी नोंदवही सर्वांना खुली नाही, पण रुग्णालयांना आहे. अशा वेळी ‘नाही’ लिहिलं, तर जुन्या चुकीपेक्षा खोटी माहिती दिल्याचं नवं प्रकरणच जड जातं. नोकरी लागून वर्षं लोटली तरी त्यावरून काढून टाकतात.

हा प्रश्न इतक्या कडकपणे का विचारतात, तेही पाहू. चार्ल्स कलन नावाच्या नर्सने १९८७ ते २००३ अशी १६ वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या एकामागून एक रुग्णालयांत काम केलं आणि औषधं टोचून रुग्णांचे जीव घेतले. २९ खुनांची त्याने न्यायालयात कबुली दिली. संशय असूनही आधीची रुग्णालयं पुढच्यांना स्पष्ट बोलली नव्हती. २००५ साली न्यू जर्सीने कायदाच केला: अशा कर्मचाऱ्याची खबर सरकारला द्यायची आणि दुसऱ्या रुग्णालयाने विचारलं तर खरं सांगायचं. त्या रुग्णांच्या घरच्यांचा विचार केला की हा प्रश्न अर्जात असायलाच हवा असं मला वाटतं. पण कलनसारख्यांच्या भीतीची झळ नूतनीकरणाची तारीख चुकलेल्या बाईलाही बसते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून प्रश्न शब्दन् शब्द वाचा. ‘कधीही’ विचारलं असेल तर दहा वर्षांपूर्वीचा ठपकाही लिहावा लागतो. ‘सध्या काही बंधनं आहेत का’ एवढंच विचारलं असेल, तर पूर्ण झालेलं प्रोबेशन त्यात येत नाही. ‘कोणत्याही बोर्डाने’ असं असेल तर दुसऱ्या राज्याची, अगदी आपल्या इथल्या कौन्सिलची कारवाईही सांगायची. मेट्रनने दिलेला मेमो ही परवान्यावरची कारवाई नव्हे. तक्रार येऊन ती फेटाळली गेली, तीही नव्हे; मात्र काही अर्जांत तक्रारी आणि चौकशांबद्दल वेगळा प्रश्न असतो. घाबरून न विचारलेलंही लिहून टाकणाऱ्या मुली असतात. त्याची गरज नाही. शंका असेल तर परवान्याची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला अर्ज दाखवा.

प्रोबेशन चालू असेल तर सहसा निवडीला वावच नसतो. बोर्डाचा आदेश वरिष्ठांना दाखवायचा आणि त्यांनी कामाचे अहवाल बोर्डाला पाठवायचे, अशा अटी असतात. कधी गुंगीच्या औषधांची किल्ली हाती द्यायची नाही, असंही असतं. हे रुजू झाल्यावर कळलं तर वॉर्डाची सगळी ड्यूटी-यादी विस्कटते. मुलाखतीतच सांगा. काय घडलं, बोर्डाने काय केलं, त्यानंतर तुम्ही काय केलंत, एवढं चार-पाच वाक्यांत. आधीच्या सहकाऱ्यांची गाऱ्हाणी तिथे नकोत. बोर्डाच्या आदेशात जे लिहिलंय त्याच्याशी तुमचं बोलणं जुळलं पाहिजे, म्हणून आदेश पुन्हा वाचून जा.

नेमणूक करणाऱ्यांनाही एक विनंती. ‘हो’वरची खूण दिसली की अर्ज बाजूला टाकू नका. आदेश मागवा, त्यावरची तारीख पाहा, अटी पूर्ण झाल्या का ते तपासा आणि मग त्या सिस्टरला समोर बसवून तिचं म्हणणं ऐका.