आपली वही, जगाच्या ओट्यावर

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आपल्या बचत गटाच्या वहीत काय काय असतं? हजेरी, बचत, कर्ज, ठराव. पण बैठक संपल्यावर ओट्यावर जे बोलणं होतं, ते कुठल्याच वहीत येत नाही. आमच्या गटातल्या एक काकू घेवड्याचं बियाणं राखेत घोळवून मडक्यात ठेवायच्या. कीड लागायची नाही. मागच्या वर्षी काकू गेल्या. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "ताई, राख किती घ्यायची, बी किती वाळवायचं, विचारायचं राहूनच गेलं."

म्हणून आज ब्लॉगविषयी बोलते. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही. मराठीत तिला कुणी अनुदिनी म्हणतं, कुणी जालनिशी. तारखेनुसार लिहीत जायचं; नवं वर, जुनं खाली. वाचणाराही आपलं म्हणणं त्याखाली लिहू शकतो.

सुरुवातीला संगणकातले जाणकारच असं लिहायचे. १९९९ साली 'ब्लॉगर'सारख्या सोयी आल्या आणि साध्या माणसालाही लिहिता येऊ लागलं. पुढे युनिकोडमुळे देवनागरी अक्षरं सगळीकडे नीट दिसू लागली, तशी मराठी माणसंही लिहिती झाली. कुणी परदेशात बसून आईच्या हातच्या पुरणपोळीबद्दल लिहिलं, कुणी गावच्या जत्रेबद्दल.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा मुंबईतल्या काही जणांनी लगेच एक ब्लॉग उघडला. मदत कुठे हवी, ती कुठे पोचवायची, बेपत्ता माणसांची चौकशी कुठे करायची, हे देशोदेशीचे लोक तिथे लिहू लागले. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एका कामाला लागली.

आमचं काम छोटं. काकूंच्या नातीने फोनवर ब्लॉग उघडला. माइकचं चिन्ह दाबून बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. सूनबाईंनी आठवलं तेवढं सांगितलं. काही दिवसांनी कोकणातल्या एका बाईंचं उत्तर आलं: "आमची आई राख चाळून, पूर्ण गार करून घ्यायची. बी दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत वाळवायची." नातीने ते वाचून दाखवलं. सूनबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आत्याबाईच बोलल्यासारखं वाटलं गं."

एक मात्र सांभाळा. ही वही सगळं जग वाचतं. फोन नंबर, आधार, बँकेचा तपशील त्यात घालू नका. दुसरीचा फोटो किंवा तिच्या घरची गोष्ट तिला विचारल्याशिवाय टाकू नका.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला एक गोष्ट विचारा: औषधाची, बियाण्याची, नाहीतर लोणच्याची. तिला लिहिता येत नसेल तर लेक लिहील, नात लिहील. पण विचारा आत्ताच. आम्ही उशीर केला, तुम्ही करू नका.