आवाज कोणी बदलला?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाणाऱ्यानं आपला आवाज बदलला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, विकला गेला साला. दुसरा म्हणतो, कलावंताचा विकास झाला. पहिल्याला गाणारा कायम आपल्या गल्लीतच बसलेला पाहिजे असतो आणि दुसऱ्याला दिवाळी अंकात लेख लिहायचा असतो. गाणं दोघंही ऐकत नाहीत.

मी मॅट्रिक झालेला गोदीतला माणूस. संगीतशास्त्र मला येत नाही. पण माल कुणी चढवला, कुणी उतरवला आणि पावती कुणाच्या नावानं फाटली, हे बघायची सवय हाडात मुरलीय. त्याच सवयीनं आज जमैकाच्या वेलर्स या बँडबद्दल बोलणार आहे. त्यातल्या बॉब मार्लीचा चेहरा छातीवर छापून फिरणारे इथंसुद्धा दोघं-तिघं बसलेत. त्यांच्या टी-शर्टाकडं शेवटी येतो.

जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. झेंडा बदलला, पण किंग्स्टन शहरातल्या ट्रेंच टाऊनची गरिबी होती तीच राहिली. सरकारनं बांधलेली चाळवजा घरं, मधी अंगण, नळ सामाईक. अशाच एका अंगणात जो हिग्ज नावाचा गायक पोरांना आवाजात आवाज मिसळायला शिकवायचा. बॉब मार्ली, पीटर टॉश, बनी लिव्हिंगस्टन ही त्यातली पोरं. १९६३ साली त्यांचा वेलर्स झाला. मार्लीनं वेल्डिंगचं काम केलेलं, हे ध्यानात ठेवा. आकाशातून पडलेला सूर वगैरे काही नाही.

त्यांचा पहिला आवाज 'स्का'चा. अमेरिकेतल्या काळ्यांचं रिदम अँड ब्लूज मायामी, न्यू ऑर्लिन्सच्या रेडिओवरून समुद्र ओलांडून यायचं. जमैकाच्या वादकांनी ते घेतलं आणि त्याचा ठोका उलटा केला. आपण टाळी मारतो तिथं नाही, तर दोन टाळ्यांच्या मधल्या पोकळीत गिटार-पियानोचा घाव घालायचा. म्हंजे उसनं आणलेलं, पण परत करायच्या लायकीचं ठेवलं नाही! १९६४ च्या सुरुवातीला त्यांचं 'सिमर डाऊन' जमैकात पहिल्या नंबरावर गेलं. स्टुडिओ कॉक्सन डॉडचा, रेकॉर्ड त्याची. पोरांच्या हातात आठवड्याला थोडेसे पौंड.

१९६६ च्या सुमाराला अख्ख्या बेटाचं संगीत मंदावलं. त्याला रॉकस्टेडी म्हणतात. त्या वर्षी उन्हाळा कडक होता, नाचणाऱ्यांना स्काचा वेग झेपेना, अशी दंतकथा लोक आवडीनं सांगतात. उन्हाळ्याचं जाऊ द्या. वेग कमी झाला तशी ठोक्या-ठोक्यात जागा झाली आणि त्या जागेत बेस गिटार येऊन बसली, ती उठलीच नाही. १९६८ पर्यंत त्यातनं रेगे निघाला.

मार्ली मधल्या काळात आईकडं अमेरिकेत डेलावेअरला गेला आणि मोटारीच्या कारखान्यात राबला. १९७६ च्या 'रास्तामन व्हायब्रेशन'मध्ये त्याचं 'नाईट शिफ्ट' आहे, रात्रपाळीत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचं. मराठी कवितेत मला अजून फोर्कलिफ्ट भेटलेली नाही. चांदणं मात्र पोत्यानं भेटतं.

मग १९७०-७१. ली पेरी नावाचा अवलिया निर्माता, आणि त्याच्याकडचे दोन भाऊ, बेसवर ॲस्टन बॅरेट, ड्रमवर कार्ल्टन बॅरेट. हे दोघं वेलर्सला मिळाले आणि बँडचं काळीज बदललं. चार मात्रांतली पहिली रिकामी सोडायची आणि तिसरीवर घाव. जिथं सगळं जग जोर देतं तिथं हे गप्प बसतात! बेस नुसती साथ करत नाही, तीच गाते. हा बदल किंग्स्टनच्या कानासाठी झाला. तिथं गरिबाकडं रेकॉर्ड प्लेअर नव्हता, पण मैदानात साउंड सिस्टीम लागायची, माणसाच्या उंचीचे खोके एकावर एक. आपल्या जयंतीच्या डीजेच्या भिंतीचे ते आजोबे समजा. डीजेनं शाहिरी मारली म्हणून आपल्यात जो वाद चालतो तो मी इथं काढत नाही. एवढंच विचारतो, की मिरवणुकीतला बेस कुणासाठी वाढतो? नाचणाऱ्या पोरासाठी, का खोके भाड्यानं देणाऱ्यासाठी? हा प्रश्न वेलर्सच्या पुढच्या गोष्टीला थेट लागू आहे.

कारण १९७२ साली ते लंडनात पोहोचले. खिसा रिकामा. आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलनं पैसे दिले, त्याच्याच सांगण्याप्रमाणे ४००० पौंड. पोरांनी किंग्स्टनला जाऊन 'कॅच अ फायर' रेकॉर्ड केलं आणि टेप लंडनला आणल्या. ब्लॅकवेलचं गणित साफ होतं. रॉक ऐकणारा गोरा पोरगा हे विकत घेईल का? म्हणून त्यानं अमेरिकन गिटारवाला वेन पर्किन्स आणि कीबोर्डवाला रॅबिट बंड्रिक यांना बोलावून टेपवर जादा गिटार, जादा कीबोर्ड चढवला. पर्किन्सला आधी ठोका कुठं पडतोय तेच कळेना, असं त्यानंच नंतर सांगितलंय. बेस जरा खाली गेली. दोन गाणी गळली. १९७३ ला रेकॉर्ड आली.

२००१ साली किंग्स्टनच्या मूळ टेपही बाजारात आल्या. दोन्ही एकामागून एक ऐका, पोथ्या वाचायची गरज नाही. लंडनच्या 'काँक्रीट जंगल'मध्ये मधीच गिटार वर उडते, रडते, सुंदर वाजते. किंग्स्टनच्या टेपमध्ये ती नाहीच. तिथं तीन आवाज, बेस, आणि मधी अंधार. मला अंधारवालं जास्त खरं वाटतं. आता कुणी म्हणेल, बघा, भांडवलानं काळ्याचा आवाज धुऊन काढला! थांबा. गिटार चढत होती तेव्हा मार्ली तिथं हजर होता. त्याला लांब पोचायचं होतं. आणि लंडनची टेप निघाली नसती तर किंग्स्टनची माझ्या कानापर्यंत कधीच आली नसती. ही गोष्ट गिळायला जड आहे. मी गिळून बसलोय, तुम्हीही बसा.

पण हिशेब तिथं संपत नाही. आवाज बदलतो तेव्हा नुसती वाद्यं बदलत नाहीत, माणसंही जातात. दौऱ्यांच्या धबडग्यात जायला बनीनं नकार दिला, १९७४ पर्यंत टॉशही बाहेर पडला. त्याच वर्षीच्या 'नॅटी ड्रेड'वर नाव आलं : बॉब मार्ली अँड द वेलर्स. बघा, पावती कुणाच्या नावानं फाटली! अंगणात मिसळलेले तीन आवाज गेले, त्या जागी रीटा मार्ली, ज्यूडी मोवॅट, मार्शिया ग्रिफिथ्स या तिघी आल्या. त्या फार ताकदीच्या गायिका. पण आता एक पुढं आणि तिघी मागं अशी रचना झाली. टॉशनं १९७७ ला 'ईक्वल राइट्स' काढलं, त्याचा आवाज आणखी धारदार झाला. बनीनं १९७६ च्या 'ब्लॅकहार्ट मॅन'मध्ये सगळा वेग, सगळी घाई काढून टाकली. एका अंगणातले तिघं तीन दिशांना. यातला विकला कोण गेला? मला तरी एकही सापडत नाही.

३ डिसेंबर १९७६ ला मार्लीच्या घरात घुसून गोळ्या झाडल्या. दोन दिवसांनी तो जखमी हातानं किंग्स्टनच्या मैदानात गायला, मग देश सोडून लंडनला गेला. १९७७ चं 'एक्झोडस' तिथलं. १९७८ ला 'काया' आलं, मऊ, प्रेमाचं, गांजाच्या धुराचं, आणि आपल्यासारख्यांनी बोंब ठोकली की वाघ म्हातारा झाला. गोळी लागलेल्या माणसानं वर्षभर प्रेमाची गाणी म्हटली तर आपल्या बापाचं काय जातं? पुढच्याच वर्षी त्यानं 'सर्व्हायव्हल' काढलं, त्याचं सगळ्यात राजकीय काम. त्याच्या कव्हरवर आफ्रिकी देशांचे झेंडे आहेत आणि नावामागं एक जुनं चित्र. आमच्याकडं बोट भरताना हॅचमध्ये कुठला माल कुठं लावायचा त्याचा नकाशा असतो, इंचाची जागा वाया जाऊ नये म्हणून. ते चित्र तसलाच नकाशा आहे. फक्त माल म्हंजे माणसं. ब्रूक्स नावाच्या लिव्हरपूलच्या गुलामवाहू बोटीचा, १७८८ च्या सुमाराचा, पायाला डोकं लावून झोपवलेली ४५४ माणसं. गोदीतल्या कुणालाही हे चित्र दाखवा, समजावून सांगावं लागणार नाही.

१८ एप्रिल १९८० ला झिंबाब्वे स्वतंत्र झाला. त्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात मार्ली स्वतःच्या खर्चानं सामान विमानानं नेऊन गायला. बाहेर अडवलेल्या गर्दीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो स्टेजपर्यंत आला. त्याच वर्षी 'अपरायझिंग'च्या शेवटी 'रिडेम्पशन साँग'. बेस नाही, ड्रम नाही, तिघी नाहीत. एक साधी गिटार आणि कॅन्सर झालेला माणूस. ११ मे १९८१ ला तो ३६ व्या वर्षी गेला.

वाटेल, संपलं. नाही. आवाज मेल्यावरही बदलतो. १९८४ ला 'लेजंड' नावाचा संग्रह निघाला, कोट्यवधी खपला. बहुतेकांचा मार्ली म्हंजे तेवढाच. त्यात १४ गाणी. 'सर्व्हायव्हल'मधलं एकही नाही. कुणी नवी गिटार चढवली नाही, नुसती निवड केली, आणि हसरा, गोड, समुद्रकिनाऱ्यावरचा माणूस तयार झाला. तोच हा तुमच्या टी-शर्टावरचा.

टी-शर्ट काढायला सांगत नाही, पंखे बंद असले तरी. 'सर्व्हायव्हल' आणि किंग्स्टनच्या त्या टेप मी सोबत आणल्यात. चहा झाला की लावू. फक्त हा इथला स्पीकर फार बारका आहे, बेस ऐकायलाच येणार नाही. कुणाच्या घरी मोठा असेल तर सायकलवर घेऊन या.