कानाने वाचलेली पुस्तके

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘काहीतरी उपयोगाचं बोला’ असं सांगितलं. बँकेत जन्म काढलेला माणूस, म्हणजे आता व्याजदर ऐकावे लागणार, अशी भीती काही चेहऱ्यांवर दिसते आहे. घाबरू नका. मी पुस्तकं ऐकण्याविषयी बोलणार आहे.

आपल्या इमारतीला २५ वर्षं झाली, तशीच आपल्या डोळ्यांचीही झाली. ताबा घेतला तेव्हा पन्नाशीच्या आसपास असलेले आपण आता सत्तरी ओलांडून बसलो आहोत. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कुणाचा पडदा अधू झाला. आमच्या सौ.ना बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा घरातलं पुस्तकांचं कपाट नुसती शोभा होऊन बसलं. आता त्या रोज संध्याकाळी फोनवर एक प्रकरण ऐकतात. एकच. दुसऱ्या दिवशी पुढचं.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. चातुर्मासात श्रीधरांचा ‘हरिविजय’ लावला की ३६ अध्याय, ‘पांडवप्रताप’ लावला की ६४. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिलाही सगळी कथा तोंडपाठ असे. तिला कुणी अडाणी म्हटलं नाही.

परदेशात १९३०च्या दशकात अंध वाचकांसाठी तबकड्यांवर पुस्तकं निघू लागली. पुढे २००५ साली कॅनडात माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी ‘लिब्रिवॉक्स’ सुरू केलं. स्वामित्वहक्क संपलेलं पुस्तक घ्यायचं, प्रकरणं वाटून घ्यायची, आपापल्या घरी वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची. पहिलं पुस्तक जोसेफ कॉनरॅडचं होतं. वाचणारे साधे, हौशी लोक. पगार नाही, मानधन नाही.

आपल्याकडची काही पुस्तकं तर कानासाठीच लिहिल्यासारखी आहेत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः दिली. तेव्हाचा वाचकही थांबून थांबूनच पुढे गेला. लक्ष्मीबाई टिळकांना लिहा-वाचायला लग्नानंतर त्यांच्या यजमानांनी शिकवलं. ‘स्मृतिचित्रे’ ऐकताना ओसरीवर बसून कुणी बोलतंय असं वाटतं. आणि ‘श्यामची आई’त तर प्रकरणं नाहीतच, रात्री आहेत. आश्रमातल्या मुलांना श्यामनं रोज एक याप्रमाणे सांगितलेल्या ४२ रात्री.

काही जण म्हणतात, ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. त्यात तथ्य आहे. मन भरकटलं तर मागचं पान उलटता येत नाही, आणि वाचणारा यांत्रिक असेल तर चांगलं पुस्तकही कंटाळवाणं होतं. म्हणून तर एका वेळी एकच प्रकरण ऐकावं आणि उरलेला वेळ ते मनात घोळू द्यावं. पण ज्याचे डोळे गेले त्याच्यापुढे वाचन की ऐकणं असा पर्यायच नसतो. ऐकणं, नाहीतर काहीच नाही.

आपल्या नातवंडांचंही तेच आहे. मराठी त्यांना समजतं, बोलतातही. पण देवनागरीचं अख्खं पान समोर आलं की अडखळतात. कानावाटे गेलं नाही, तर हे साहित्य त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

म्हणून एक प्रस्ताव मांडतो. घाबरू नका, वर्गणी नाही. आपल्या सोसायटीत ४८ सदनिका आहेत आणि ‘श्यामची आई’च्या रात्री ४२. एका घराने एक रात्र वाचायची. ‘मोरी गाय’ बी विंगने घ्यावी, ‘श्यामचे पोहणे’ पोहायला शिकणाऱ्या मुलांनी. कोकणातल्या मंडळींनी कोकणातले शब्द कसे उच्चारायचे ते बाकीच्यांना सांगावं. उरलेल्या सहा घरांनी तपासणी आणि चहा बघावा.

हिशेबाच्या दोन गोष्टी. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क आपल्या कायद्यानुसार त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११पासून हे पुस्तक सगळ्यांना खुलं आहे. पु. ल. २००० साली गेले. त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत परवानगीशिवाय घ्यायची नाहीत. दुसरं, फाइलला नाव देताना ०१, ०२ असे दोन आकडे लिहा. नाहीतर काही फोन पहिल्या रात्रीनंतर थेट दहावी लावतात!

पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा आणि सावकाश वाचा. चुकलं तर ते वाक्य पुन्हा वाचा. आवाज गोड असायची गरज नाही, ओळखीचा असला की पुरे. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या शेजाऱ्याला आपल्याच मजल्यावरच्या मुलीचा आवाज ऐकू येईल, याचं मोल बँकेच्या कुठल्याच खात्यात मांडता येत नाही.

ज्यांना वाचायचं आहे त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे नाव द्यावं. वही आणि पेन बरोबर घेऊनच आलो आहे. सौ.नी पहिली रात्र स्वतःकडे ठेवली आहे. ती त्यांना पाठ आहे.