पंचवीस की बावन्न?

दुसरीतल्या मुलाला आई ‘पंचवीस’ लिहावयास सांगते आणि मूल वहीत ५२ लिहून मोकळे होते. ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. घरोघरी संध्याकाळी घडणारा हा प्रसंग दिसावयास क्षुल्लक खरा. परंतु तो दहा-वीस वेळा घडला म्हणजे मुलाच्या मनात एक समजूत घर करते, की आपल्याला गणित येत नाही. सातव्या वर्षी बसलेली ही समजूत शाळा सुटेपर्यंत पाठ सोडत नाही. आणि मौज अशी, की या प्रसंगी मुलाचे लक्ष अगदी जाग्यावर असते. कानाने जे ऐकले तेच, आणि त्याच क्रमाने, त्याने लिहिलेले असते. आधी पंच, मग वीस.

घोटाळा मुलाचा नसून शब्दाचा आहे. आपण संख्या लिहितो ती दशकापासून आणि बोलतो ती मात्र एककापासून. हिंदी व गुजराती यांची रीत हीच. जर्मन भाषेचीही हीच. शेजारच्या कानडीत मात्र पंचविसाला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. त्या मुलाच्या कानात आणि हातात भांडण लागत नाही. नॉर्वे देशाने तर १९५१ साली सरकारी निर्णयाने बोलण्याचा क्रम फिरवून दशक पुढे आणले. तथापि तेथेही जुनी रीत लोकांच्या तोंडून पुरती गेलेली नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘बावन्न’ या शब्दात दोन आणि पन्नास दोन्ही आहेत, पण ते मोठ्या माणसाला दिसतात. मुलाला ‘बावन्न’ म्हणजे केवळ एक नाद. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट या पाच शब्दांत पाच हा अंक निरनिराळी सोंगे घेऊन येतो. एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २ व ९. एकोणनव्वदपर्यंत हा नियम कसाबसा बसवावा, तो नव्व्याण्णव येऊन तोही मोडतो!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उडाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. भाषेचे शब्द जातील ही लोकांची धास्ती समजण्याजोगी होती. पण ज्या अडचणीसाठी हा उपाय सुचविला गेला, ती अडचण खरीच होती. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या घरच्या मुलाची वही उघडून पाहिली असेल, कोण जाणे.

शब्द राखावयाचे आणि मूलही रडवावयाचे नाही, हे घरी साधते. त्यासाठी खराट्याच्या काड्या पुरेत. दहा-दहा काड्यांच्या जुड्या मुलाकडूनच बांधवून घ्याव्यात. आयत्या जुड्या देऊ नयेत, कारण दहा सुट्या काड्यांची एक जुडी होते हे त्याच्या बोटांना कळले पाहिजे. मग आजीने म्हणावे, ‘बाळा, मला पंचवीस काड्या दे बरे.’ मूल दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या पुढे ठेवते. ‘जुड्या किती?’ दोन. ‘सुट्या किती?’ पाच. जुड्यांचा अंक डावीकडे, सुट्यांचा उजवीकडे. चार-आठ दिवस असे करून मगच पेन्सिल हाती द्यावी. काही मुले आधी उजवीकडे ५ लिहून मग डावीकडे २ लिहितात. त्यांना हटकू नये; उत्तर बरोबर आहे, क्रम सवयीने बदलतो. आणि पुन्हा ५२ आलेच, तर खोडरबर पुढे न करता म्हणावे, ‘एवढ्या काड्या मांडून दाखव.’ पाच जुड्या मांडता मांडता मूल बहुधा स्वतःच थबकते.

काड्यांचा कंटाळा आला तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्यावीत. सापशिडीचा शंभर घरांचा पटही उत्तम. सोंगटी ज्या घरात पडेल त्याचे नाव मोठ्याने म्हणावयाचे, एवढीच अट घालावी. दहा मिनिटे पुष्कळ झाली. दिवसभर कामाने शिणलेल्या बापाने रात्री तासभर शिकविण्यापेक्षा ही दहा मिनिटे अधिक फळतात.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाचे ओझे दुप्पट असते. शाळेत ‘ट्वेंटी-फाइव्ह’, घरी ‘पंचवीस’; क्रम उलटा. एका बैठकीत एकच भाषा ठेवावी. जुड्या मात्र त्याच असू द्याव्यात, म्हणजे नावे दोन असली तरी वस्तू एक हे मुलाला दिसते.

पूर्वी दिवेलागणीला परवचा होत असे. त्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकीही म्हणत. घोकंपट्टी म्हणून तिला नावे ठेवण्यात आली, आणि ते काही खोटे नव्हते. पण शब्द जिभेवर बसविण्याचे काम ती चोख करी. आज जुड्या मांडून झाल्यावर एकवीस ते तीस एकदा सुरात म्हणून घेतले तर दोन्ही हातांचे काम होते. तिसापुढे दुसऱ्या आठवड्यात जावे. एकोणतिसाजवळ थोडे थांबावे. तिसांतली एक काडी मुलाला उचलू द्यावी.